गल्याथाचे मास्तर

पनवेलच्या बाजारात एखादा उंच माणूस दिसला की आमचे मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहत आणि म्हणत, "जरा हात बघू." भविष्य सांगायला नव्हे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तो हात केवढा भरतो, हे त्यांना पाहायचं असे. कोटाच्या खिशात सुतळी असायची. ती त्या माणसाच्या हाताला लावायची, गाठ मारायची आणि "परमेश्वर तुमचं भलं करो" म्हणून चालू लागायचं, असा त्यांचा रिवाज होता.

एकदा मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक उभा करून चहा पीत बसलेल्या एका सरदारजीला त्यांनी असंच गाठलं. मी पलीकडच्या बाकावर होतो.

"हाथ? किसलिए?" सरदारजीने विचारलं.

"गल्याथ के लिए," मास्तर म्हणाले.

"कौन गल्याथ? किस कंपनी की गाड़ी चलाता है?"

मास्तरांनी त्याला समजावून सांगितलं की गल्याथ गाडी चालवत नाही. तो पलिष्ट्यांचा महाकाय योद्धा होता, दाविदाने त्याला गोफणीच्या धोंड्याने लोळवलं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्याची उंची सहा हात आणि एक वीत दिलेली आहे आणि त्यातला हात नेमका केवढा, हे ठरवायचं काम चालू आहे. सरदारजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बशीतला चहा संपवला.

"मर गया ना? फिर अब नाप लेके क्या उसके कपड़े सिलवाओगे?"

हॉटेलात हशा झाला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी सुतळीला गाठ मारली, सरदारजीलाही आशीर्वाद दिला आणि छत्री उचलून निघून गेले.

हे मास्तर वारले तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकात त्यांच्यावर दोन रकाने छापून आले. त्यात त्यांना विश्वासाचा बुरूज म्हटलं होतं. बुरूज म्हणायला माझी हरकत नाही. बुरूज जागचा हलत नाही आणि आपल्याखाली कोण चिरडलं याची त्याला खबर नसते. पण त्या दोन रकान्यांत भागूबायचं नाव कुठेच नव्हतं. ते कुठेतरी यायला हवं, म्हणून मी हे लिहायला घेतलं आहे.

मास्तर उंचीने पाच फुटांच्या आतलेच. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, धोतर, टोपी आणि उन्हापावसात तीच ती छत्री. कळंबोलीकडच्या एका गावात मिशनची चौथीपर्यंतची शाळा होती, तिथे ते शिकवत. पनवेलहून रोज मिठागरांच्या बांधावरून चालत जायचे आणि चालत यायचे. शिकवायला वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्या गावात आज ज्यांना सही करता येते, त्यांना ती त्यांनीच शिकवलेली आहे. पण पाढे, शुद्धलेखन, भूगोल, काहीही चालू असलं तरी गाडी शेवटी एकाच स्टेशनात जाऊन थांबायची. गंगा किती लांब? मग शास्त्रातल्या महाकाय ओग राजाचा लोखंडी पलंग किती लांब? नऊ हात. रुंद? चार हात. त्या गावातल्या आगऱ्यांच्या पोरांना दिल्ली कुठे आहे ते सांगता येत नसे, पण बाशानच्या त्या ओग राजाचा पलंग त्यांच्या गोठ्यात मावेल की नाही, हे बरोबर सांगता येई.

घरीही तेच. ओटीवरच्या भिंतीवर त्यांनी गेरूने गल्याथ काढला होता, पुऱ्या मापाचा. म्हणजे सहा हात एक वीत, आणि हात मास्तरांचा स्वतःचा. भिंत अपुरी पडली, म्हणून गल्याथाचं डोकं वाशांवर गेलं होतं. आत येणाऱ्याला आधी त्याचे पाय दिसत आणि मान वर केल्यावर कौलांतून डोळे वटारलेला चेहरा दिसे.

"आमच्या घरातलं तिसरं माणूस आहे हो ते," मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्यागेल्याला सांगायच्या. "जेवायला मागत नाही, एवढंच बरं."

"तुम्ही थट्टा करू नका," मास्तर आतून ओरडायचे.

"थट्टा कसली? त्याचे पाय मीच पुसते रोज."

पण मास्तरांचं या गल्याथावर समाधान नव्हतं. त्यांच्या हाताने तो साडेआठ फुटांच्या आसपास भरत होता आणि विलायती पुस्तकांत तो त्याहून फूटभर उंच असे. आपला हात आखूड असल्यामुळे गल्याथाचा एक फूट बुडतो आहे, हे शल्य त्यांना झोपू देत नव्हतं. म्हणून बाजारातून हात गोळा करणं चालू होतं. त्यांची विचारसरणी अशी होती: शास्त्रातला हात म्हणजे त्या काळच्या माणसाचा हात. त्या काळची माणसं आपल्यापेक्षा थोराड. म्हणून हातही मोठा आणि म्हणून गल्याथही मोठा.

"पण मास्तर," मी एकदा म्हटलं, "सगळेच जर थोराड होते, तर त्यांच्यात गल्याथ पुन्हा तेवढाच राहिला. तुम्ही उंच केलात काय, त्याने काय फरक पडला?"

त्यांनी हातातली सुतळी गुंडाळून खिशात घातली.

"तुला पत्रकं वाचून तर्क करायची सवय लागली आहे," ते म्हणाले. "हे तर्काचं काम नाही."

पत्रकांचं त्यांनी खरं सांगितलं. माझे वडील मिशनची पत्रकं वाटत गावोगाव हिंडत. आमच्या घरात शास्त्र सोडलं तर दुसरं पुस्तक नव्हतं, पण पत्रकं गठ्ठ्यांनी होती. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. पुढे दुसऱ्या प्रकारची पत्रकं हातात आली, कसणाऱ्याच्या हक्काची, गिरणीतल्या कामगारांची. मला त्या दोन प्रकारांत भांडण दिसलं नाही. मास्तरांना दिसलं. ते मला तोंडावर "लाल पत्रक" म्हणत.

एका पत्रकात मी वाचलं होतं की शास्त्राच्या काही जुन्या प्रतींत गल्याथाची उंची सहा हात नसून चारच हात दिलेली आहे. रविवारी उपासना सुटल्यावर देवळाच्या आवारात मी ते मास्तरांना सांगितलं. वाईट हेतूने नाही. मला वाटलं, माणूस आयुष्यभर एका गोष्टीचा अभ्यास करतो आहे, त्याला नवी माहिती आवडेल.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

"चार हात?"

"आणि एक वीत. म्हणजे आपल्या त्या ट्रकवाल्या सरदारजीएवढा. पण मास्तर, समजा तो तेवढाच होता. ख्रिस्ताचं त्यात काय बिघडलं?"

"काय बिघडलं?" त्यांनी छत्री जमिनीवर आपटली. "अरे, महाकाय खोटे, तर मग महापूर कशासाठी आला? त्यांनी पृथ्वी नासवली म्हणून आला! महापूर खोटा, तर नोहा खोटा. नोहाचं नाव प्रभूने स्वतः घेतलंय. मग प्रभू कोण ठरला? आज तू गल्याथाचे दोन हात कमी केलेस, उद्या पुनरुत्थान कमी करशील!"

आजूबाजूला जमलेल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी "आमेन" म्हटलं. मी घराकडे वळलो. ज्याचा तारणारा एका पलिष्ट्याच्या उंचीवर लटकला आहे, त्याच्याशी काय बोलणार? क्रूसाला तीन खिळे पुरले. मास्तरांच्या विश्वासाला सुतळी लागत होती.

महाकायांबद्दल ते सगळीकडे विचारत. चाकांच्या बाजारात शाऊलकाका होते, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. बैलगाड्यांची चाकं बनवायचा त्यांचा कारखाना शनिवारी बंद असे. हे लोक तर त्या शास्त्राचे मूळ मालक, म्हणून मास्तर मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेले आणि उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातल्या महाकायांविषयी तुमचे लोक काय मानतात, असं त्यांना विचारलं. शाऊलकाका चाकावर चढवायच्या धावेचं लोखंड तापलं की नाही ते बघत होते. ते म्हणाले, "आमच्याकडे तेवढं वाचतात आणि पुढे जातात, मास्तर. पुढे फार कामं सांगितली आहेत."

मास्तरांनी हे उत्तर कधी कुणाला सांगितलं नाही. मला ते शाऊलकाकांकडूनच कळलं.

मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर वारला, तेव्हाची गोष्ट मला आजही सांगवत नाही. उंच माणूस होता तो. पेटी लांब करावी लागली होती. आम्ही सगळे कबरस्तानात उभे होतो, पाळकांची प्रार्थना चालली होती. कंपाउंडरची बायको पेटीला धरून बसली होती. मास्तर माझ्या शेजारी उभे होते. ते पेटीकडे एकटक पाहत होते. मला वाटलं, माणूस गहिवरला आहे. प्रार्थना संपली, तसे ते माझ्या कानाशी वाकले, म्हणजे टाचा उंचावून कानाशी आले, आणि म्हणाले, "ही साडेचार हातसुद्धा नाही. आणि आपल्याला मोठी वाटते. यावरून ओगच्या पलंगाची कल्पना कर."

बायकोने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिने वर पाहिलं होतं एवढं खरं.

प्रवचनाची पाळी त्यांच्यावर आली की विषय ठरलेला असे. मोशेने वचनदत्त देश हेरायला माणसं पाठवली, ती परत आली आणि म्हणाली, देश चांगला आहे, पण तिथे महाकाय राहतात, त्यांच्यापुढे आम्ही टोळांसारखे आहोत. इथे मास्तर रंगत. त्या महाकायांची कुळं, त्यांची गावं, कोण कुणाचा मुलगा, कुणाच्या हाताला सहा बोटं होती, असं तासभर चाले. आणि तिथेच प्रवचन संपे. त्या हेरांपैकी दोघे उभे राहून म्हणाले होते की महाकाय असोत नाहीतर आणखी कोणी, देश आपला आहे, चला. त्या दोघांपर्यंत मास्तर कधी पोहोचलेच नाहीत. सबंध गोष्ट ज्या दोघांसाठी लिहिली गेली, त्यांना उंची नव्हती, म्हणून ते मास्तरांच्या कामाचे नव्हते.

आता भागूबाय.

शाळेच्या गावात ती एक विधवा होती, आगऱ्याची. मंडळीतली नव्हे. गावदेवीला कोंबडं देणारी. शाळेच्या पाठीमागे एक मोठं भाताचं खाचर होतं, ते तिचा नवरा कसायचा. तो गेल्यावर ती स्वतः कसू लागली. जमीन पनवेलच्या एका भाताच्या व्यापाऱ्याची, शेठची. शेठ आयुष्यात कधी त्या बांधावर आला असेल तर भात उचलायला.

मास्तरांना या खाचराचा शोध लागला तो गल्याथामुळे. भिंतीवरचा गल्याथ उभा होता. पण दाविदाने मारल्यावर तो आडवा पडला, तो कसा दिसत असेल, हे पोरांना दाखवायचं म्हणजे मोकळी सपाट जागा हवी. कापणी झाल्यावर खाचरासारखी जागा नाही. म्हणून दरवर्षी भात निघालं की मास्तर चुन्याचं पोतं घेऊन भागूबायच्या झोपडीशी जात आणि परवानगी मागत. मग धसकटांवर पांढऱ्या चुन्याने आडवा गल्याथ निघे, त्याच्या बाजूला ओगचा पलंग आणि पोरं त्याच्या पोटावर उभी राहून पाढे म्हणत.

हे मी एकदा पाहिलं आहे. भागूबाय बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आज मांडा मास्तर, पन परवा उटवा त्याला. मना वाल पेरायचे हायत."

"परवा? अगं, पोरांचं मोजमाप व्हायचंय अजून."

"वल सुकली का वाल येनार नाय. तुमचा राकीस काय, पुडच्या वर्सी परत मरंल."

"बरं, परवा उठवतो."

"आनि डोक्याकडं चुना कमी टाका. तितं काय उगवत नाय मग."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. गावातले लोक हसत. मीही हसलो आहे. पण मग कूळकायद्याच्या चौकशा सुरू झाल्या आणि त्या हसण्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली.

जमीन कसणाऱ्याची होणार, असा कायदा झाला तसे पनवेलचे सगळे शेठ एका रात्रीत शेतकरी झाले. आमच्या शेठने सांगितलं की खाचर मी स्वतः मजूर लावून कसत आलो आहे आणि ही बाई त्या मजुरांपैकी एक. तलाठ्याच्या कागदावरही तसंच लिहिलेलं निघालं. कसं निघालं, ते सांगायला नको. गावातल्या शेजाऱ्यांना खरं ठाऊक होतं, पण त्यांचं भात त्याच शेठच्या गिरणीत जात होतं आणि त्यांची पोरं त्याच शेठच्या मिठागरात कामाला होती. कोणी तोंड उघडेना. भागूबायचं खाचर जाणार हे दिसत होतं आणि त्याशिवाय तिला दुसरं काही नव्हतं.

आणि एक माणूस असा होता, जो गावचा नव्हता, शेठचा मिंधा नव्हता, शिकलेला होता, कोट घालत होता आणि ज्याने वर्षानुवर्षं त्या शेतात पाय ठेवण्याआधी परवानगी मागितली होती. शेठची नव्हे, शेठच्या मुकादमाची नव्हे. भागूबायची.

भागूबायच्या बाजूने साक्ष द्या, असं सांगायला मी मास्तरांकडे गेलो. ते लगेच कबूल झाले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. काकू म्हणाल्या, "जा हो. जन्मात एकदा तरी जिवंत माणसाच्या उपयोगी पडा."

"एकच वाक्य सांगायचं, मास्तर," मी म्हटलं. "भागूबायच्या परवानगीने मी दरवर्षी तिच्या खाचरात आकृती काढत असे. आधी तिचं नाव. आकृती मागून."

"समजलं. मी काय आज साक्ष देतोय? प्रभूची साक्ष देण्यात आयुष्य गेलं."

चौकशीच्या दिवशी मामलेदार कचेरीत गर्दी होती. भागूबाय धुतलेलं लुगडं नेसून आली होती. आमच्या शेतकरी संघाची आम्ही चार पोरं होतो. शेठ आला नव्हता, त्याचा वकील आला होता. गोरापान, हसरा, पनवेलमधलाच. सगळं पनवेल ओळखणारा.

मामलेदारांनी मास्तरांना समोर बोलावलं. या बाईबद्दल आणि जमिनीबद्दल आपल्याला काय माहीत आहे, असं विचारलं. मास्तरांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं, घसा साफ केला.

"मी त्या खाचरात दरवर्षी कापणीनंतर गल्याथाची आकृती काढत असे," ते म्हणाले, "आणि त्यासाठी—"

आकृती आधी. नाव मागून. मी डोळे मिटले.

वकील उठून उभे राहिले होते. "माफ करा, मास्तर. कसली आकृती?"

"गल्याथाची."

"म्हणजे तो राक्षस?"

"राक्षस नव्हे. महाकाय. राक्षस तुमच्या पुराणात."

"बरोबर, बरोबर. केवढी असायची आकृती?"

"सहा हात एक वीत. शास्त्राप्रमाणे."

वकिलांनी हसून मामलेदारांकडे पाहिलं आणि मग अगदी अदबीने विचारलं, "पण मास्तर, मी तर ऐकलं की तो चारच हातांचा होता. आपण पनवेलमध्ये बाजारातून हात गोळा करून त्याला फुगवलात, असं लोक म्हणतात."

त्या माणसाला कायदा किती येत होता, मला ठाऊक नाही. पण मास्तर त्याला पुरते येत होते.

मास्तर पेटले. चार हात हे नास्तिकांनी काढलेलं खूळ आहे. मूळ प्रती कोणत्या, त्या कुणी लिहिल्या, हात म्हणजे काय, वीत म्हणजे काय, अनाकाचे वंशज कोण, त्यांच्यापैकी काही समुद्रकाठच्या शहरांत कसे उरले, गल्याथ त्यांच्यातलाच कसा, सगळं बाहेर आलं. खिशातून सुतळी बाहेर आली. मागचे लोक पुढे सरकून ऐकायला लागले. कारकून लिहायचं थांबले.

मामलेदार सज्जन माणूस होता. त्याने हात वर केला. "मास्तर, ते राहू द्या. परवानगी कोणाची घेत होता, तेवढं सांगा."

हा प्रश्न त्याने आपणहून विचारला. भागूबायचं सगळं आयुष्य त्या एका उत्तरात होतं आणि ते उत्तर मास्तरांना येत होतं.

"सांगतो साहेब," मास्तर म्हणाले, "पण आधी या हाताचा निकाल लागला पाहिजे. नाहीतर यांच्या मनात शंका राहील."

भागूबाय तिच्या जागेवरून उठली. शिपायाने तिला बसायला खुणावलं, ती बसली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "तो मेला. त्याला ऱ्हाऊ द्या. मी जिती हाय. माजं नाव सांगा."

मास्तरांनी वळून तिच्याकडे पाहिलं, वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "मुद्दा महत्त्वाचा आहे."

आणि ते पुन्हा वकिलाकडे वळले. मामलेदारांनी आणखी एकदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. घड्याळाकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि कारकुनाला सांगितलं की या साक्षीदाराचं बोलणं विषयाला धरून नाही, ते जमेस धरता येत नाही. पुढे शेठच्या दोन मजुरांनी पढवलेल्या साक्षी दिल्या. दुपारपर्यंत निकाल झाला. खाचर शेठचं.

मास्तर बाहेर आले ते कपाळावरचा घाम पुसत. चेहरा उजळला होता.

"पाहिलंस?" ते मला म्हणाले. "शेवटी गप्प बसला वकील. एक शब्द बोलू शकला नाही."

गप्प बसला होता हे खरं. त्याचं काम झालं होतं.

शेठने मास्तरांना विकत घेतलं असतं, तर मी त्यांना एक वेळ समजून घेतलं असतं. माणसं विकली जातात. भूक असते, घर असतं, धाक असतो. ते घाबरले असते तरी चाललं असतं. त्यांच्या आवडत्या गोष्टीतले ते हेर घाबरलेच होते. पण हा माणूस विकला गेला नाही आणि घाबरला नाही. समोर खरा महाकाय उभा होता, गिरण्या आणि मिठागरं आणि तलाठी खिशात घालून, आणि याला तो दिसलाच नाही, कारण शेठची उंची पाच फूट पाच इंच होती. मासिकातल्या दोन रकान्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मेलेल्या दैत्यांवर इतका विश्वास ठेवणारा माणूस जिवंत देवाला ओळखत नव्हता. ओळखत असता, तर त्याला दिसलं असतं की तो देव त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून समोर उभा होता.

आम्ही पोरं कचेरीच्या पायरीवर बसून अपिलाचं बोलत होतो. भागूबाय जरा लांब उभी होती. मग तिने आपल्या पिशवीतून तांब्या काढला, आवारातल्या नळावर भरला आणि आणून मास्तरांसमोर धरला.

"प्या. लई बोललाव. घसा सुकला असंल."

मास्तरांनी पाणी घेतलं. तोंड वर करून घटाघट प्यायले, मिशी पुसली. तांब्या परत देताना त्यांच्या कपाळावर आठी आली. काहीतरी अडचण आत्ताच ध्यानात आल्यासारखे ते तिच्याकडे बघू लागले.

"मग आता यंदा," त्यांनी विचारलं, "आकृती काढायची तर परवानगी कुणाची मागायची?"

आमच्यातला एक जण उठला होता. त्याने मास्तरांवर हात टाकला असता. भागूबायने त्याला नजरेनेच बसवलं.

"मनाच इचारा," ती म्हणाली. "नांगर मीच धरनार हाय."

अपील व्हायचं तेव्हा झालं. पण त्याआधी पाऊस आला आणि एका सकाळी भागूबाय बैल घेऊन खाचरात उतरली. शेठची सहा-सात माणसं काठ्या घेऊन बांधावर उभी होती. तो रविवार होता. पनवेलला आमच्या देवळात मास्तरांची प्रवचनाची पाळी होती आणि ते वचनदत्त देशातल्या महाकायांविषयी बोलत होते, असं मला काकूंनी नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, बाकं निम्मी रिकामी होती. मंडळीतली सगळी तरणी पोरं आणि तीन-चार बायका भागूबायच्या बांधावर, शेठच्या माणसांसमोर उभ्या होत्या, आणि खाली चिखलात तिचा नांगर चालला होता.